बोट कुठेच जात नव्हती

मागच्या महिन्यात ऑफिसातले चार आणि घरचे चार असे आम्ही आठ जण मुंबईहून एका क्रूझवर गेलो. दोन रात्री, मधे एक अख्खा दिवस आणि परत मुंबई. मधल्या दिवसासमोर कार्यक्रमपत्रिकेत फक्त लिहिलं होतं, 'समुद्रात दिवस'. बस. गाव नाही, बंदर नाही, किल्ला नाही, बघायचं काहीच नाही.

दुपारी केबिनमधल्या टीव्हीवर बोटीचा नकाशा लावला. (सवय हो. जिथे जाऊ तिथे आधी डॅशबोर्ड उघडायचा.) वेग सात नॉट, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. पुण्यात संध्याकाळी सहा वाजता युनिव्हर्सिटी चौकात असतो साधारण तेवढा. आणि बोटीच्या मार्गाची रेघ बघतो तर ती सरळ नव्हतीच, एक लांबट जिलबी होती. किनाऱ्यापासून जरा लांब जायचं, वळायचं, पुन्हा वळायचं. बोट कुठेच जात नव्हती. ती वेळ काढत होती आणि तिच्याबरोबर आम्ही शेकडो माणसं.

मजा आली, खोटं कशाला बोलू. फोनची रेंज गेलेली, बोटीवरच्या नेटचा भाव ऐकून तो विषय आपोआप मिटलेला. डेकवरच्या आरामखुर्चीत मी तीन तास पडून होतो आणि त्यातला निदान एक तास डोक्यात काहीही चालू नव्हतं. हे शेवटचं कधी झालं होतं ते आठवत नाही.

पण निघायच्या आधी आजीला फोन केला होता, ते काही डोक्यातून जाईना. आजी मालवणची. तिला सगळं समजावून सांगितलं. बोट कुठे जाते, कधी परत येते, किती पैसे. ती म्हणाली, "पैसे देवन बोटीत बसतलस? आणि खंय जावचा नाय? खुळावलस काय रे?"

तिचं बरोबर आहे. तिच्या तरुणपणी मुंबई ते मालवण म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर चटई पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची. मग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत करत जायचं. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही, भर पाण्यात उभी राहायची. सामान, कोंबड्या, पोरं सगळं डुगडुगत्या पडावात उतरवायचं. पावसाळ्यात सगळंच बंद. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, ती आठवण तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात होती. आपल्या भाषेतसुद्धा बघा, 'बोट लागते' ह्याचा अर्थ काय? ओकारी होते! जिचं नाव घेतलं तरी पोटात ढवळतं तिच्यात मुद्दाम, कामाशिवाय, पैसे मोजून बसायचं हे आजीला खुळेपणाचं वाटलं तर नवल काय.

तर प्रश्न असा की हा खुळेपणा काढला कोणी? समुद्रातला दिवस हा हजारो वर्षं प्रवासाची किंमत होता. तो कमी कसा करता येईल ह्यासाठी शिडं झाली, वाफ झाली, सुएझचा कालवा झाला. तोच दिवस विकायला काढायचं कोणाला सुचलं? परत आल्यावर ह्याच्या मागे लागलो आणि दोन वीकएंड गेले. त्याचा हा हिशोब.

पहिला मान जातो आर्थर अँडरसनकडे. हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा माणूस, पुढे पी अँड ओ ह्या बोट कंपनीचा एक संस्थापक. १८३५ साली त्याने 'शेटलंड जर्नल' नावाचं वर्तमानपत्र काढायचं ठरवलं. नमुना अंकात जाहिरातींची जागा मोकळी दिसायला नको म्हणून त्याने एक जाहिरात स्वतःच रचली: शेटलंड, फॅरो बेटं आणि आइसलंडची बोटीतून सहल. अशी सहल अस्तित्वातच नव्हती. म्हणजे क्रूझ पहिल्यांदा जगात आली ती मॉकअपमध्ये भरायला टाकलेला मजकूर म्हणून :-)

पुढे १८४४ मध्ये त्याच्या कंपनीने भूमध्य समुद्रातल्या सफरी खरोखर चालू केल्या. टपाल नेणाऱ्या बोटी होत्याच. त्यांच्यातूनच एका बोटीतून दुसऱ्या बोटीत बदलत फिरायचं. प्रसिद्धीसाठी एका लेखकाला फुकट तिकीट दिलं. तो म्हणजे विल्यम मेकपीस थॅकरे, ज्याचा जन्म आपल्या कलकत्त्यातला, १८११ चा. त्याने कैरोपर्यंत जाऊन येऊन १८४६ मध्ये पुस्तक छापलं आणि त्यात आपल्याला बोट कशी लागली तेही लिहिलं. फुकट ट्रिप घेऊन रिव्ह्यू लिहिणारे हल्ली निपजलेत असं कोणाला वाटत असेल तर असो.

१८६७ मध्ये मार्क ट्वेन 'क्वेकर सिटी' नावाच्या बोटीवरून न्यूयॉर्कहून पाचेक महिन्यांच्या सफरीला गेला. तिकीट बाराशे पन्नास डॉलर. ह्या सफरीवरचं त्याचं पुस्तक १८६९ मध्ये आलं, आणि त्यात समुद्रातल्या दिवसांचं वर्णन आहे ते मला फार आवडलं. माणसं डेकवर लाकडी चकत्या काठीने ढकलायचा खेळ खेळताहेत, रोज संध्याकाळी प्रार्थना, हलत्या डेकवर नाचायचा प्रयत्न. आणि सगळ्यांनी मोठ्या हौसेने रोजनिशी लिहायला घेतलेली, ती काही दिवसांतच एकेक करून बंद पडते. (ब्लॉगवाल्यांनी इकडेतिकडे बघू नये.) रिकाम्या दिवसाचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. पण लक्षात घ्या, त्यांना तो दिवस कोणी विकला नव्हता. त्यांना पॅरिस आणि जेरुसलेम विकलं होतं. समुद्र वाटेत आला.

इथे आपल्या गोष्टीचा खरा नायक येतो. आल्बेर्ट बालिन. जन्म हॅम्बुर्ग, १५ ऑगस्ट १८५७. (तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपी.) ज्यू कुटुंब, वडिलांचा धंदा स्थलांतरितांची तिकिटं काढून देण्याचा. त्या काळी युरोपातून लाखो गरीब माणसं अमेरिकेला चालली होती आणि ती बोटीच्या पोटातल्या तिसऱ्या वर्गातून जायची. बालिन ह्याच धंद्यात वाढला. १८८६ मध्ये त्याला हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन ह्या बड्या कंपनीने प्रवासी विभाग सांभाळायला घेतलं.

कंपनीने तेव्हा वेगवान बोटी बांधायला काढल्या होत्या. पहिली 'ऑगस्टा व्हिक्टोरिया', १८८९ मध्ये चालू झाली. जर्मन सम्राज्ञीचं नाव दिलं खरं, पण सम्राज्ञी होती 'ऑगस्टे'. चुकीचं नाव घेऊन बोट आठ वर्षं अटलांटिकवर फिरली आणि १८९७ मध्ये कुठे ते दुरुस्त झालं. प्रॉडक्शनमधली स्पेलिंग मिस्टेक आठ वर्षं! मला माझ्या एका जुन्या प्रोजेक्टची आठवण झाली, पण ते जाऊ दे.

ह्या बोटींचं दुखणं एकच होतं: हिवाळा. जानेवारीत उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, एल्ब नदीत बर्फ होतं, हौशी प्रवासी घराबाहेर पडत नाहीत. कोट्यवधींचं यंत्र धक्क्याला बांधून ठेवायचं आणि कर्जावर व्याज भरत बसायचं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. सणासुदीच्या गर्दीसाठी शंभर सर्व्हर घेतले, बाकीच्या दहा महिन्यांत ते गरम हवा सोडत बसलेत. रिकामं यंत्र दिसलं की कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळतोच. बालिनच्या डोक्यात तो वळवळला. बोट उत्तरेला चालत नसेल तर दक्षिणेला, उन्हात न्या. माल नको, टपाल नको, घाई नको. मौज एवढाच माल.

२२ जानेवारी १८९१ ला 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' कुक्सहाफेनहून २४१ प्रवासी घेऊन निघाली. बालिन बायकोसकट स्वतः बोटीवर होता. स्वतः लिहिलेला कोड स्वतः वापरून बघणारा मॅनेजर, मला तो इथेच आवडायला लागला. दोन महिने सफर चालली. जिब्राल्टर, अलेक्झांड्रिया, जाफा, बैरूत, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, माल्टा, नेपल्स, लिस्बन. किनाऱ्यावरच्या सहली आधीच ठरवून ठेवलेल्या. आणि मधले समुद्रातले दिवसही आता वाटेतली अडचण नव्हते, मालाचाच भाग होते. खाणं, बँड, डेकवरचा फेरफटका. थॅकरेला टपालाच्या बोटीत जागा मिळाली होती, इथे अख्खी बोटच प्रवाशांच्या रिकामपणासाठी निघाली होती. सफर इतकी चालली की दर हिवाळ्यात निघू लागली.

थोडक्यात, रिकामा दिवस माणसांना हवा होता म्हणून जन्माला आला नाही. बोटी रिकाम्या होत्या म्हणून जन्माला आला. मला तरी सगळ्या वाचनातून हेच पटलंय.

१९०० मध्ये बालिनने ह्याच कामासाठी वेगळी बोट बांधून घेतली, 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुइझ'. सगळ्या केबिन पहिल्या वर्गाच्या, तिसरा वर्ग नाहीच. वाचनालय, व्यायामशाळा, हौशी फोटोवाल्यांसाठी डार्करूमसुद्धा. म्हणजे प्रवाशाने पिरॅमिडचे फोटो बंदरात काढायचे आणि समुद्रातल्या दिवसात धुवायचे. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाजवळ कप्तानाने एका दीपगृहाला दुसरंच समजून बोट खडकावर घातली. प्रवासी सगळे सुखरूप उतरले. कप्तानाने केबिनमध्ये जाऊन स्वतःला गोळी घातली.

बालिनचा शेवटही असाच. पहिल्या महायुद्धाने त्याचा सगळा पसारा बुडवला. ९ नोव्हेंबर १९१८ ला, बर्लिनमध्ये कैसरचं राज्य संपलं त्याच दिवशी, झोपेच्या औषधाचा मोठा डोस घेऊन तो गेला.

मधली चाळीस वर्षं मी पटकन ओलांडतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा देशाच्या हद्दीबाहेर जाऊन प्यायला मिळावं म्हणून बोटी निघायच्या. कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. नाझींनी कामगारांना स्वस्तात समुद्रावर फिरवायला 'विल्हेल्म गुस्टलोफ' बांधली, १९३८ पासून फिरवलीही, फुरसत ही सरकारची देणगी आहे हे दाखवायला. तीच बोट ३० जानेवारी १९४५ ला हजारो निर्वासितांसकट बुडाली.

ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि बालिनचा हिवाळा सगळ्या बोटींना, बाराही महिने आला. ह्या हिवाळ्यातली एक बोट मला ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळची वाटली. 'फ्रान्स'.

११ मे १९६० ला सँ-नाझेरला द गॉल ह्यांच्या उपस्थितीत ती पाण्यात उतरली. ३१६ मीटर लांब, तेव्हाची जगातली सगळ्यात लांब प्रवासी बोट, आणि २००४ पर्यंत तो मान तिच्याकडेच राहिला. चार प्रोपेलर, वेग तीस नॉटच्या वर. काम एकच, ल हाव्र ते न्यूयॉर्क, शक्य तितक्या लवकर. पहिली फेरी फेब्रुवारी १९६२ मध्ये, म्हणजे जेट आल्यावर तीन वर्षांनी. जन्मतःच डेप्रिकेटेड. सरकार पैसे घालत होतं तोवर चालली. १९७३ मध्ये तेल भडकलं, १९७४ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. चिडलेल्या कामगारांनी बोटच ताब्यात घेऊन ल हाव्र बंदराच्या तोंडाशी उभी केली. उपयोग झाला नाही. पुढची चार-पाच वर्षं ती एका कोपऱ्यातल्या धक्क्याला गंजत पडली.

१९७९ मध्ये क्नुत क्लोस्टर ह्या नॉर्वेजियन माणसाने ती १८ दशलक्ष डॉलरना उचलली. त्याच्या कंपनीच्या क्रूझ मायामीहून १९६६ पासूनच चालत होत्या. 'फ्रान्स' दुरुस्तीला ब्रेमरहाफेनला गेली, हापाग-लॉइडच्या गोदीत. हापाग म्हणजे कोण? बालिनचीच जुनी कंपनी, १९७० च्या विलीनीकरणानंतरची. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

आणि तिथे काय केलं माहितीये? इंजिनं काढली! पुढची इंजिनरूमच बंद केली, चारातले दोन प्रोपेलर उतरवले. तीस नॉटची बोट विशीवर आणली. अटलांटिकच्या थंडीत काचेमागून फिरायला केलेल्या बंद गॅलऱ्यांचे रस्ते झाले, एकाला नाव 'फिफ्थ अॅव्हेन्यू', दुसऱ्याला 'शाँझेलिझे'. वर उघड्यावर पोहण्याचे तलाव आले. बोटीचं नाव झालं 'नॉर्वे'. १९८० पासून ती मायामीहून आठवड्याच्या सफरीला निघू लागली. ती एवढी मोठी की कॅरिबियन बेटांच्या धक्क्यांना लागायचीच नाही, बाहेर नांगरून लोकांना लहान बोटींतून न्यावं लागे. (आजीचा पडाव!) म्हणून सुरुवातीला आठवड्यात थांबे दोनच, बाकी नुसता समुद्र. कंपनीला हे वर्म आधी कळलं की नंतर, देव जाणे. पण अडचण होती तीच विकली: जागा कुठली बघताय, बोटच बघा. एका पिढीने जी इंजिनं वेगासाठी जीव टाकून बांधली, ती पुढच्या पिढीने सावकाश जाण्यासाठी बंद केली. आमच्या क्षेत्रात असं कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

आपली सात नॉटची जिलबी इथून येते. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' आकाराने 'नॉर्वे'च्या तिपटीहून मोठी आहे. पण कल्पना तीच.

२५ मे २००३ ला 'नॉर्वे' मायामीच्या धक्क्याला उभी असताना बॉयलर फुटला. गेलेले आठही जण बोटीवर काम करणारे. प्रवाशांपैकी कोणी नाही.

त्यानंतर ती पुन्हा सफरीला गेली नाही. आणि आली कुठे, तर आपल्याकडे. 'ब्लू लेडी' नावाने, ऑगस्ट २००६ मध्ये, गुजरातेत भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो. भरतीला बोट सरळ किनाऱ्यावर चढवायची, पाणी उतरलं की गॅसकटर घेऊन माणसं भिडतात. बरीचशी ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली. 'ब्लू लेडी'त हजार टनांहून जास्त अॅस्बेस्टॉसचं सामान होतं, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये तोडायची परवानगी मिळाली. अलंगच्या रस्त्याला मैलभर दुकानं आहेत म्हणतात, बोटींतले पलंग, कपबशा, आरामखुर्च्या विकणारी.

हे वाचल्यावर क्रूझवरची एक गोष्ट पुन्हा आठवली. आमची केबिन आवरणारा मुलगा रत्नागिरीकडचा होता. पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलला, दुसऱ्या दिवशी आमचं भांडण ऐकून मराठीत आला. मुंबईच्या धक्क्यावर हे नवीन नाही. पी अँड ओच्या जुन्या बोटींवर डेकवर खलाशी, सारंग, टंडेल बरेचदा रत्नागिरीचे आणि गुजरातचे, जेवणघरात वाढपी आणि आचारी गोव्याचे. त्यांचे पगार गोऱ्या खलाशापेक्षा बरेच कमी. दोन बोटींच्या मधल्या महिन्यांत गोव्याची ती माणसं धोबीतलाव-माझगावच्या 'कुडां'मध्ये राहायची, गावागावाची वेगळी खोली, पेटी भिंतीला लावलेली. काही कूड अजून आहेत.

मी त्या मुलाला विचारलं, आज काय, आराम ना? बंदर नाही, घाई नाही.

तो हसला. "सर, आमच्याकडे समुद्राचा दिवस म्हणजे सगळ्यात जड. बंदर असलं की तुम्ही सगळे खाली उतरता, आम्हाला दोन तास पाठ टेकायला मिळते. आज सगळे बोटीतच. चादर, टॉवेल, जेवण, पुन्हा टॉवेल."

किती तास होतात विचारलं. म्हणाला, दहा, अकरा, कधी जास्त. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत कमाल चौदा आणि आठवड्याला बहात्तर अशी मर्यादा आहे, हे मला नंतर कळलं. रिलीजच्या आठवड्यात आम्ही जे रडतो ते त्यांचं साधं कॅलेंडर. फरक एवढाच की रात्री बाराला आम्ही घरी जातो. त्याचा करार आठ महिन्यांचा होता, पाच झाले होते. रत्नागिरी समोर उजवीकडे कुठेतरी असणार, दिवसभर.

"तुमची आजी मालवणची ना?" त्याने निघताना विचारलं. भांडण चांगलंच ऐकलं होतं म्हणजे. "माझी पण बोटीनेच यायची मुंबईला. तिला फार बोट लागायची."

"आणि तुला?"

"पहिला महिना. मग नाही लागत सर."

सोमवारी सकाळी बोट बॅलार्ड पिअरला लागली. आम्हाला उतरायला दहा वाजले. खाली येताना त्याला शोधलं, तर कॉरिडॉरच्या टोकाला चादरींच्या ढिगाआड फक्त हात दिसत होते. दुपारी नवीन माणसं चढणार होती.